रिटर्न व्हॅल्यूकडे काणाडोळा: फंक्शन ‘नाही’ म्हणतं आणि कोड पुढे चालत राहतो

घाटमाथा

कोड रिव्ह्यूत एक चूक सर्रास सुटते. फंक्शन बोलावलेलं असतं, पॅरामीटर बरोबर असतात, ओळ वाचताना खटकत नाही. फक्त त्या फंक्शननं परत काय दिलं, ते कुणी पाहिलेलं नसतं. सीडब्ल्यूई या सॉफ्टवेअरमधल्या कमजोरींच्या यादीत या चुकीला २५२ क्रमांक आहे. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘हा कॉल कधी फेल होत नाही हो.’ त्या उत्तरासाठीच हा धागा काढतोय. सुरक्षेच्या दृष्टीनं कॉल आपणहून किती वेळा फेल होतो याला फारसा अर्थ नाही. बाहेरचा माणूस तो मुद्दाम फेल करू शकतो का, ते बघायचं.

अँड्रॉइडचं २०१० सालचं प्रकरण यासाठी बारकाईनं वाचण्यासारखं आहे. फोनला केबल लावून संगणकावरून कमांड देता येतात. फोनच्या बाजूनं ते काम एडीबीडी नावाचा डीमन, म्हणजे पार्श्वभूमीत सतत चालणारा प्रोग्राम, करतो. तो सुरू होतो रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, म्हणून, सुरुवातीची मांडामांड उरकतो आणि मग सेटयूआयडी हा युजर क्रमांक (यूआयडी) बदलणारा कॉल बोलावून २००० क्रमांकाच्या ‘शेल’ युजरवर स्वतःला उतरवतो. केबलवरून येणाऱ्याच्या हाती मग फक्त शेलचे मर्यादित अधिकार येतात. त्या वेळच्या कोडमध्ये सेटयूआयडीची ओळ एकटीच होती. भोवती ‘जर’ नाही, काही नाही.

आता त्या काळच्या लिनक्स कर्नलचा, म्हणजे अँड्रॉइडच्याही गाभ्याचा, एक नियम. एका युजरच्या नावावर किती प्रोसेस चालू शकतात याला मर्यादा असते, आरलिमिट एनप्रॉक. रूट प्रोसेस ज्या युजरवर उतरू पाहतेय त्याचा कोटा आधीच भरलेला असेल, तर कर्नल सेटयूआयडी नाकारायचं: -१ परत, आणि एररनो या व्हेरिएबलमध्ये कारण म्हणून ईअगेन (‘आत्ता नाही, पुन्हा प्रयत्न करा’).

‘रेज अगेन्स्ट द केज’ या एक्सप्लॉइटनं नेमकं हेच वापरलं. शेल युजर म्हणून आत यायचं आणि फोर्क करत, म्हणजे नव्या प्रोसेस काढत, सुटायचं. फोर्क नाकारला गेला की कोटा भरला असं समजायचं. मग चालू एडीबीडी मारायचा. तो मेल्यावर एक जागा रिकामी होते, ती लगेच आणखी एका फोर्कनं भरून टाकायची. इनिट ही सिस्टिमची पहिली प्रोसेस एडीबीडी पुन्हा सुरू करते, अर्थातच रूट म्हणून. तो सेटयूआयडी बोलावतो, कर्नल नाही म्हणतं, ते ‘नाही’ कुणीच ऐकत नाही आणि डीमन रूटच राहून केबलवर कान लावून बसतो. पुढच्या जोडणीला थेट रूट शेल.

यात ना बफर ओव्हरफ्लो, ना मेमरीची मोडतोड. दुरुस्तीही एका ओळीची: सेटयूआयडीनं शून्य दिलं नाही तर प्रोसेस तिथंच संपवा.

मृद्गंध

चांगला विषय. एक शंका. ईअगेनचा तो मार्ग कर्नल ३.१ मध्ये, म्हणजे २०११ सालीच बंद झाला ना? कोट्याची तपासणी सेटयूआयडीतून काढून एक्झेकवर, म्हणजे नवा प्रोग्राम चढवणाऱ्या कॉलवर, नेली होती. मग रूटनं बोलावलेलं सेटयूआयडी आजच्या कर्नलवर फेल होण्याचं कारण काय उरतं?

घाटमाथा

मृद्गंध, तो मार्ग बंद झाला हे खरं. पण बाकीचे उघडे आहेत, आणि कंटेनर आल्यापासून त्यांत भरच पडली. युजर नेमस्पेसमध्ये, म्हणजे कंटेनरच्या स्वतंत्र यूआयडी-जगात, ज्या यूआयडीचं मॅपिंगच केलेलं नाही तो मागितला तर ईइनव्हॅल (‘अवैध मूल्य’) मिळतो. रूटलेस, म्हणजे रूटच्या अधिकाराशिवाय चालवलेल्या, कंटेनरमध्ये मोजकेच यूआयडी मॅप असतात. इमेजमधला डीमन भलत्याच क्रमांकावर उतरू पाहतो, उतरू शकत नाही, आणि तपासणी नसेल तर कंटेनरमधला शून्य क्रमांकाचा युजर म्हणूनच चालत राहतो. सिस्टिम कॉल अडवणाऱ्या सेकॉम्प फिल्टरनं ईपर्म (‘परवानगी नाही’) द्यायचं ठरवलं असेल तर तेही आहेच. शिवाय कर्नलला आतल्या नोंदींसाठी क्षणभर मेमरी मिळाली नाही तर ईअगेन आजही येऊ शकतो. सेटयूआयडीचं मॅन पेज उघडून बघा. यूआयडी शून्य असतानाही हा कॉल फेल होऊ शकतो आणि तो न तपासणं ही गंभीर सुरक्षा चूक आहे, असं तिथं वेगळी टीप देऊन लिहिलंय.

अधिकार सोडण्याचा क्रमही इथंच सांगून टाकतो, कारण तोही चुकतो. आधी सेटग्रुप्सनं जादा ग्रुप काढायचे, मग सेटजीआयडी, शेवटी सेटयूआयडी. उलट केलं तर यूआयडी उतरल्यावर ग्रुप बदलायचा अधिकारच हातात राहत नाही. तिथं सेटजीआयडी फेल होतं, आणि तेही न तपासलं तर प्रोसेस साध्या युजरची पण ग्रुप रूटचा, असा अर्धवट प्रकार होतो. तिन्हींचं उत्तर वेगवेगळं तपासा.

आणि तेवढ्यावर थांबू नका. सगळं झाल्यावर मुद्दाम सेटयूआयडी शून्य बोलावून बघा. हा कॉल फेल व्हायलाच हवा. यशस्वी झाला तर अधिकार सुटलेलेच नाहीत, प्रोग्राम थांबवा. ही उलट तपासणी का, तर २००० सालचं सेंडमेल या मेल सर्व्हरचं प्रकरण. लिनक्स २.२.१५ आणि त्याआधीच्या कर्नलमध्ये साधा युजर केपॅबिलिटीचा (रूटच्या सुट्या अधिकारांचा) संच असा कापून ठेवू शकायचा, की त्यानं सुरू केलेल्या सेटयूआयडी प्रोग्रामकडे (कुणीही चालवला तरी मालकाच्या, इथं रूटच्या, अधिकारानं चालणाऱ्या) यूआयडी पूर्ण बदलण्याचा अधिकारच उरायचा नाही. सेंडमेल सेटयूआयडी बोलावायचा, उत्तर यायचं यशस्वी, पण सेव्ह्ड यूआयडी (परत फिरण्यासाठी राखून ठेवलेला क्रमांक) रूटच राहायचा. म्हणजे रिटर्न व्हॅल्यू पाहूनही फसगत. कर्नल २.२.१६ मध्ये मूळ दोष काढला आणि सेंडमेल ८.१०.२ मध्ये अशी उलट तपासणी आली.

उंबरठा

विंडोजवाल्यांनी हा लिनक्सचा विषय समजून धागा सोडू नये. नेम्ड पाइपवर (दोन प्रोग्रामांमधल्या संवादाच्या नळीवर) सर्व्हिस ऐकत असते, क्लायंट आला की इम्पर्सनेट नेम्ड पाइप क्लायंट हे फंक्शन बोलावून त्या क्लायंटचे अधिकार अंगावर घेते, मग त्याच्या वतीनं फाइल उघडते. हे फंक्शन फेल झालं आणि तपासलं नाही, तर फाइल सर्व्हिसच्या स्वतःच्या अधिकारानं उघडली जाते, म्हणजे बऱ्याचदा सिस्टिम अकाउंटनं. क्लायंटला जी फाइल दिसायलाही नको ती त्याला वाचून दाखवली जाते. साचा तोच: अधिकार कमी करणारा कॉल, तो झाला असं गृहीत धरलेलं.

पण मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या जातीची, जिथं तपासणी आहे पण चुकीची. सीडब्ल्यूई-२५३. ही रिव्ह्यूत आणखी सहज सुटते, कारण ‘जर’ डोळ्यांना दिसत असतो.

ओपनएसएसएल या क्रिप्टो लायब्ररीमधलं डिजिटल सही तपासणारं ईव्हीपी व्हेरिफाय फायनल घ्या. सही बरोबर असेल तर १, चूक असेल तर ०, आणि तपासताना काही बिनसलं तर -१. आता ‘जर उत्तर शून्य, तर नाकारा’ असं लिहिलं की -१ या चाळणीतून अलगद खाली जातं. सीमध्ये शून्य सोडून सगळं खरं. डीएसए किंवा ईसीडीएसए पद्धतीची सही मुद्दाम वेडीवाकडी करून पाठवली की फंक्शन -१ द्यायचं आणि सही मान्य व्हायची. सीव्हीई-२००८-५०७७ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या दोषांची क्रमवार यादी), जानेवारी २००९ मध्ये जाहीर झाला, दुरुस्ती ०.९.८जे आवृत्तीत. लायब्ररीच्या स्वतःच्या कोडमध्ये हे होतंच, पण तोच साचा बाइंड या डीएनएस सर्व्हरमध्ये आणि वेळ जुळवणाऱ्या एनटीपीमध्येही निघाला, कारण सगळ्यांनी तसाच ‘जर’ लिहिला होता.

मार्च २०१४ मध्ये जीएनयूटीएलएस या तशाच लायब्ररीची पाळी. सर्टिफिकेट देणारा खरंच सीए (ते देण्याचा अधिकार असलेली संस्था) आहे का, हे तपासणारं आतलं फंक्शन. बोलावणाऱ्याची समजूत की ते हो किंवा नाही एवढंच सांगतं. आत मात्र काही वाटांवर एररचा ऋण आकडा तसाच परत दिला जात होता. ऋण आकडा म्हणजे ‘हो’. सीव्हीई-२०१४-००९२. एकाच आकड्यात होकार, नकार आणि बिघाड कोंबला की कधी ना कधी हे होणारच.

पीएचपीत आजही हाच खड्डा आहे. ओपनएसएसएल व्हेरिफाय १, ० किंवा -१ देऊ शकतं, आणि नुसत्या ‘जर’मध्ये टाकलं तर -१ खरं ठरतं. तीन बरोबरच्या चिन्हांनी १ शी तुलना करायची, दुसरा पर्याय नाही.

मृद्गंध

उंबरठा, याच रांगेत मायएसक्यूएल डेटाबेसचं २०१२ चं प्रकरण बसतं, सीव्हीई-२०१२-२१२२. पासवर्डच्या हॅशची तुलना मेमकम्प या बाइट ताडून बघणाऱ्या फंक्शननं, जुळलं तर उत्तर शून्य. मेमकम्प इंट परत देतं, पण तो ठेवला जात होता एका बाइटच्या प्रकारात. मेमकम्पच्या काही वेगवान आवृत्त्यांत उत्तर -१२८ ते १२७ च्या बाहेर जाऊ शकतं. ते २५६ च्या पटीत आलं की खालचा बाइट शून्य, म्हणजे ‘पासवर्ड जुळला’. चुकीच्या पासवर्डला २५६ मध्ये १ संधी. दर जोडणीला सर्व्हर नवी यादृच्छिक ओळ देतो, त्यामुळे दर वेळी नव्यानं सोंगटी पडते. एकच चुकीचा पासवर्ड ३०० वेळा पाठवला की साधारण ६९ टक्के शक्यतेनं दार उघडतं, आणि ३०० प्रयत्नांना काही सेकंद पुरतात. फंक्शनचं उत्तर ज्या प्रकारात मिळतं त्याच प्रकारात ठेवा, निर्णय झाला की मगच आखूड करा.

सांजवात

जावाचा मुद्दा टाकते, कारण तो फार फसवा आहे. सिग्नेचर वर्गाचं व्हेरिफाय बूलियन परत देतं. सहीचा साचाच बिघडलेला असेल तर वर एक्सेप्शनही फेकतं. त्यामुळे असा कोड हमखास दिसतो: ट्रायमध्ये व्हेरिफायची एकटी ओळ, कॅचमध्ये ‘सही अवैध’ म्हणून नकार. वाचताना अगदी रीतसर. पण नीट साच्यातली, दुसऱ्याच किल्लीनं केलेली सही आली की एक्सेप्शन येत नाही, फॉल्स येतं, आणि ते फॉल्स कुणी उचलत नाही. पायथनच्या क्रिप्टोग्राफी लायब्ररीत बरोबर उलटं: तिथं व्हेरिफाय काहीच परत देत नाही, चूक असेल तर एक्सेप्शनच फेकतं. दोन्हीकडे ये-जा करणारा माणूस एका भाषेची सवय दुसरीत घेऊन जातो. नवी लायब्ररी हातात घेतली की आधी चुकीच्या किल्लीची एक टेस्ट लिहावी आणि ती नाकारली जाते ना ते बघावं. बरोबर सहीची टेस्ट यात काहीच सांगत नाही.

दुसरं, ज्या फंक्शनचं उत्तर हेच त्याचं सगळं काम असतं ती. पायथनमध्ये टॅगची चिन्हं निकामी करणारं एचटीएमएल एस्केप बोलावलं आणि उत्तर कुठं ठेवलंच नाही, तर मूळ स्ट्रिंग जशीच्या तशी राहते, कारण स्ट्रिंग बदलत नाहीत. रिव्ह्यू करणाऱ्याला ‘एस्केप’ हा शब्द दिसतो, समाधान होतं, आणि स्क्रिप्ट टॅग पानावर उतरतो. जावात स्ट्रिंगच्या रिप्लेसचं तेच. हे स्पॉटबग्ज नावाचं कोड तपासणारं साधन पकडतं, त्याचा आरव्ही रिटर्न व्हॅल्यू इग्नोर्ड हा नियम चालू आहे ना ते बघा.

ट्रायलॉकही यातलंच. कुलूप मिळालं की नाही हे तो बूलियनमध्ये सांगतो. न पाहता आत शिरलं तर दोन थ्रेड एकाच वेळी शिल्लक वजा करतात.

पाणंद

सगळं पटलं, पण व्यवहाराचं बोलू. दहा वर्षं जुना सीचा कोड घ्या आणि प्रत्येक न तपासलेला कॉल दाखव म्हणा. हजारो ओळी येतील, त्यातले निम्मे प्रिंटएफ, म्हणजे नुसता मजकूर छापणारे. मिस्रा सी २०१२ या सीच्या नियमावलीतला नियम १७.७ सांगतो की व्हॉइड नसलेल्या, म्हणजे काही परत देणाऱ्या, प्रत्येक फंक्शनचं उत्तर वापरा. म्हणून लोक सगळीकडे व्हॉइडचा कास्ट (‘उत्तर मुद्दाम टाकलं’ अशी खूण) लावत सुटतात, आणि त्या पांढऱ्या रंगाखाली खरी भेगही झाकली जाते. कुठून सुरुवात करायची ते सांगा.

घाटमाथा

पाणंद, कास्टबद्दल अगदी बरोबर बोललात. माझा क्रम परिणामावरून लागतो: हा कॉल झालाच नाही असं समजा, मग पुढची ओळ काय करते?

पुढची ओळ जास्त अधिकारानं किंवा कमी बंधनात चालणार असेल तर तो कॉल सगळ्यात आधी. सेटयूआयडी, सेटग्रुप्स, इम्पर्सनेशन, सीरूट (प्रोग्रामला एका फोल्डरात कोंडणं) आणि त्यानंतरचं सीएचडीआयआर (फोल्डर बदलणं), सेकॉम्प फिल्टर बसवणं, एमप्रोटेक्ट (मेमरीचे हक्क बदलणं), सीएचमॉड (फाइलचे हक्क बदलणं). सीरूटचं विशेष सांगतो. ते रूटशिवाय चालत नाही, ईपर्म मिळतो. तुरुंगात बसला असं समजून प्रोग्राम पुढे पळतो आणि प्रत्यक्षात अख्खी फाइल सिस्टिम त्याच्यासमोर उघडी असते.

त्याला लागूनच क्रिप्टो. सही तपासणं, सर्टिफिकेट तपासणं, आणि यादृच्छिक बाइट मागणं. ओपनएसएसएलचं रँड बाइट्स यशाला १ देतं, नाहीतर ० किंवा -१. न पाहता तो बफर किल्ली म्हणून वापरला तर त्यात स्टॅकवरचा जुना कचरा किंवा सरळ शून्यं असू शकतात. छोट्या आयओटी चिपवर हे जास्त घडतं, कारण तिथला हार्डवेअर जनरेटर ठरावीक वेगानंच आकडे देतो. घाईनं मागितले की तो एरर कोड देतो आणि आकड्याच्या जागी शून्य ठेवतो. २०२१ च्या डेफ कॉन या हॅकर परिषदेत याच विषयावर सादरीकरण झालं होतं. किल्ली दिसायला १२८ बिटची, आणि तिच्यात शून्यांची रांग. यादृच्छिक बाइट देणाऱ्या लिनक्सच्या गेटरँडमचंही नीट वाचा: २५६ बाइटपर्यंतची मागणी एकदा सुरू झाली की पूर्ण होते, त्याहून मोठी मागणी सिग्नल आला तर अर्धी भरून परतू शकते. ऋण आलं का एवढं न बघता मागितले तेवढेच आले का ते बघायचं.

त्यानंतर जिथं उत्तर पुढं लांबी किंवा पॉइंटर म्हणून वापरलं जातं ते कॉल. यावर उंबरठा जास्त चांगलं लिहितील.

साध्या संदेशाचा प्रिंटएफ सोडून द्या. पण तोच प्रिंटएफ ऑडिट लॉगमध्ये लिहीत असेल तर तो वरच्या गटात जातो. डिस्क भरून लॉग बंद पाडायचा आणि मग हवं ते करायचं, हा माहितीतला रस्ता आहे.

उंबरठा

लांबीचं लिहितो. रीडचं, म्हणजे डेटा वाचणाऱ्या कॉलचं, उत्तर सायझ-टी या चिन्हरहित प्रकारात ठेवलं की -१ चा आकडा प्रचंड धन होतो. त्यानंतर ‘शून्याहून मोठं का’ ही तपासणी निरर्थक, आणि तो आकडा मेमरीची नक्कल करणाऱ्या मेमकॉपीला दिला की खेळ संपला. चिन्हासहित एसएससायझ-टी वापरा, आधी ऋण तपासा, मगच बदला. रीड आणि राइट दोन्ही अर्धं काम करून परत येऊ शकतात. ३२ बाइटचा हॅश मागितला, सॉकेटवरून २० आले, उरलेले १२ बफरमध्ये आधीचेच, असं होतं. लूप लावा. जावात इनपुटस्ट्रीमच्या रीडचं तेच दुखणं, तिथं रीड फुली किंवा रीड एन बाइट्स वापरा.

सर्वांत बेमालूम म्हणजे बफरमध्ये मजकूर लिहिणारं एसएनप्रिंटएफ. ‘सुरक्षित’ म्हणून सगळे वापरतात, पण ते किती अक्षरं लिहिली हे सांगत नाही, जागा असती तर किती लिहिली असती ते सांगतं. ६४ बाइटचा बफर आहे आणि उत्तर थेट ऑफसेटमध्ये मिळवत तुकडे जोडत चाललात असं धरा. पहिल्या तुकड्यात हल्लेखोरानं १०० अक्षरांचं नाव दिलं. ६३ लिहिली गेली, उत्तर १००. आता ऑफसेट १००, शिल्लक जागा ६४ वजा १००, जी चिन्हरहित प्रकारात १८४४६७४४०७३७०९५५१५८० होते. पुढचा एसएनप्रिंटएफ बफर संपल्यावर ३६ बाइट पलीकडून लिहायला सुरुवात करतो, आणि त्याच्या मते जागा जवळजवळ अमर्याद आहे. म्हणून प्रत्येक कॉलनंतर: ऋण आलं तर थांबा, शिल्लक जागेइतकं किंवा जास्त आलं तर कापलं गेलं असं समजून थांबा. लिनक्स कर्नलमध्ये यासाठीच एससीएनप्रिंटएफ आहे, ते खरोखर लिहिलेली संख्या देतं.

मेमरी मागणाऱ्या मालॉकबद्दल लोक म्हणतात की नल (शून्य पत्ता, म्हणजे मेमरी नाही) मिळालं तर प्रोग्राम कोसळेल, बाकी काय होणार. नल पॉइंटरला थेट हात लावला तर कोसळतो, बरोबर. पण नल अधिक हल्लेखोरानं निवडलेला इंडेक्स असं झालं तर पत्ता त्यानं ठरवलेला असतो. अडोबी फ्लॅशमधला सीव्हीई-२००७-००७१ नेमका असाच: फाइलमधून आलेल्या अवाढव्य संख्येमुळे मेमरी मिळाली नाही, ते तपासलं गेलं नाही, आणि शून्य पत्त्यापासून हव्या त्या अंतरावर लिहिता आलं. मेमरी मागताना लांबी बाहेरून येत असेल तर मालॉक फेल करण्याची दोरी बाहेरच्याच हातात आहे.

मजकुरातून मूल्यं वाचणारं एसस्कॅनएफ एका वाक्यात: ते किती मूल्यं वाचली ते देतं आणि इनपुट संपलं तर -१ देतं, म्हणून नुसता ‘जर’ नको, अपेक्षित संख्येशी तुलना करा.

दर्यासारंग

ब्लॉकचेनवाले कुणी वाचत असतील तर: सॉलिडिटीत (कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवरचे प्रोग्राम, लिहायच्या भाषेत) पैसे पाठवणारं सेंड आणि खालच्या पातळीवरचा कॉल फेल झाले तर व्यवहार उलटत नाही, फक्त फॉल्स येतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये किंग ऑफ द ईथर थ्रोन या कॉन्ट्रॅक्टमध्ये हेच झालं. पायउतार होणाऱ्या ‘राजा’ला भरपाई सेंडनं पाठवली जायची. सेंडसोबत फक्त २३०० गॅस (कोड चालवायचं इंधन) जातो. समोर साधं खातं नसून वॉलेट कॉन्ट्रॅक्ट असेल तर तेवढा गॅस पुरत नाही. पैसे गेले नाहीत, उत्तर फॉल्स, आणि कॉन्ट्रॅक्टनं नवा राजा गादीवर बसवून टाकला. टोकनच्या ट्रान्सफरचंही तसंच, काही टोकन फॉल्स देतात, काही काहीच देत नाहीत. ओपनझेपेलिन लायब्ररीचं सेफ ईआरसी-२० वापरणं हा त्यावरचा सरळ इलाज.

आणि शेल स्क्रिप्टही विसरू नका. सीडी करून (फोल्डर बदलून) खालच्या ओळीत आरएम (फाइल पुसणं). सीडी फेल, आरएम जिथं उभे आहात तिथंच. दोन्हींच्या मध्ये ‘नाहीतर एक्झिट’ हवंच. फंक्शनमध्ये लोकल लावून त्याच ओळीत कमांडचं उत्तर घेतलं तर लोकलचं यश कमांडचं अपयश झाकून टाकतं, सेट ई (‘चूक झाली की थांब’) असलं तरी. घोषणा एका ओळीत, उत्तर दुसऱ्या ओळीत.

पाणंद

आता हे यंत्राकडून पकडून कसं घ्यायचं? जीसीसी कंपाइलर वॉर्निंग देतं म्हणतात, पण रोजच्या बिल्डमध्ये तर शांतता असते.

मृद्गंध

शांततेचं कारण ठाऊक असायला हवं. जीलिबसी या लिनक्सच्या सी लायब्ररीच्या हेडरमध्ये सेटयूआयडी, रीड, राइट वगैरेंवर ‘उत्तर टाकून देऊ नका’ अशी खूण आहे, पण ती फोर्टिफाय सोर्स हा जादा तपासण्यांचा पर्याय चालू असेल तरच लागू होते, आणि फोर्टिफायला ऑप्टिमायझेशन लागतं. ओ-शून्यवर, म्हणजे ऑप्टिमायझेशनशिवाय, डीबग बिल्ड केलं की एकही वॉर्निंग नाही. सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या बिल्ड-टेस्टमध्ये) ओ-२ आणि फोर्टिफाय लावून एक वेगळं बिल्ड ठेवा आणि अनयूज्ड रिझल्टची वॉर्निंग एररमध्ये बदला. या खुणेवर व्हॉइडचा कास्ट क्लँग कंपाइलरला गप्प करतो, जीसीसीला करत नाही. मला जीसीसीची भूमिकाच योग्य वाटते. स्वतःच्या फंक्शनवर खूण लावायला सी++१७ आणि सी२३ मध्ये नोडिस्कार्ड आहे. सी++२० पासून त्यात कारणही लिहिता येतं, ते जरूर लिहा, वॉर्निंगमध्येच वाचायला मिळतं.

क्लँग-टायडीत सर्ट-ईआरआर३३-सी ही तपासणी चालू करा. कव्हेरिटी या कोड तपासणाऱ्या साधनाची पद्धत जुन्या कोडला विशेष लागू पडते: एखादं फंक्शन बहुतेक ठिकाणी तपासलं जातंय आणि दोन-चार ठिकाणी नाही, तर ती दोन-चार ठिकाणं ते दाखवतं. तुमचे हजारो प्रिंटएफ त्यात आपोआप गळतात, पाणंद.

गोमध्ये कंपाइलर काही बोलत नाही, एररचेक हे साधन लावावं लागतं, आणि अंडरस्कोरमध्ये टाकलेल्या एररही बघ असं त्याला वेगळं सांगावं लागतं. लिहिलेल्या फाइलवर डिफर क्लोज (बाहेर पडताना फाइल बंद करणं, उत्तर न पाहता) ही तिथली नेहमीची गळती. रस्टमध्ये रिझल्ट टाकून दिला तर वॉर्निंग येते, पण ‘लेट अंडरस्कोर’ लिहिलं की तीही जाते. रिव्ह्यूत त्या दोन शब्दांवर शोध मारायची सवय लावा.

सांजवात

यंत्रानं दाखवल्यावर लोक ‘जर’ टाकतात आणि आत एक लॉगची ओळ लिहून पुढे जातात. हे तपासणं नव्हे. सेटयूआयडी फेल झालं असं लॉगमध्ये लिहून रूट म्हणूनच चालत राहिलेला डीमन आधीइतकाच धोकादायक. अधिकार आणि क्रिप्टोच्या बाबतीत बिघाड म्हणजे नकार, मधली वाट नाही.

पुन्हा प्रयत्न करणं हेही सगळीकडे उत्तर नसतं. डेटा डिस्कवर पक्का उतरवणाऱ्या एफसिंक कॉलचा २०१८ चा पोस्टग्रेस डेटाबेसवरचा वाद यासाठी वाचावा. लिनक्सवर एफसिंक एकदा फेल झालं की ती एरर कळवून झालेली असते, आणि न लिहिलेली पानं स्वच्छ समजली जाऊ शकतात. दुसऱ्यांदा बोलावलं की यश येतं, डेटा मात्र डिस्कवर नसतो. पोस्टग्रेसनं ११.२ पासून धोरण बदललं: एफसिंक फेल तर सर्व्हर पॅनिक करून खाली आणायचा आणि वॉल लॉगमधून (बदल आधी लिहून ठेवायच्या नोंदवहीतून) सावरायचा. क्लोजचं तसंच. लिनक्सवर क्लोजनं ईइंटर (‘सिग्नलमुळे मधेच थांबलं’) दिला तरी डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) सुटलेला असतो. पुन्हा क्लोज केलं तर त्याच क्रमांकावर दुसऱ्या थ्रेडनं उघडलेली फाइल बंद होते.

आणि एररनो लगेच जपून ठेवा. मधे लॉगचं फंक्शन बोलावलं की तेच एररनो पुसून टाकतं, आणि ईपर्मच्या जागी भलतंच कारण शोधत बसावं लागतं.

दर्यासारंग

एररची वाट खरोखर चालते का, ते बघायला स्ट्रेस (strace, सिस्टिम कॉलवर नजर ठेवणारं साधन) पुरतो. असं:

स्ट्रेस -एफ -ई इंजेक्ट=सेटयूआयडी:एरर=ईअगेन:व्हेन=१ ./डीमन

कर्नलला खरा कॉल जातच नाही, प्रोग्रामला पहिल्या सेटयूआयडीचं उत्तर ईअगेन मिळतं. त्यानंतर प्रोसेस जिवंत असेल तर प्रॉक फोल्डरातल्या तिच्या स्टेटस फाइलमध्ये यूआयडीची ओळ बघा. तिथं चार आकडे असतात, रिअल, इफेक्टिव्ह, सेव्ह्ड, फाइल सिस्टिम. चारांत कुठंही शून्य दिसलं तर दोष सापडला. सेटग्रुप्स, सेटजीआयडी, सीरूट, गेटरँडम, एकेक करून सगळ्यांवर हे चालवा. डीमनमध्ये असे पंधरा-वीस कॉल असतात, त्यांची छोटी स्क्रिप्ट करून सीआयमध्ये टाकता येते.

लिहिण्यासाठी डेव्ह फुल ही कायम भरलेली आभासी फाइल आहे. आउटपुट तिकडे वळवलं की प्रत्येक लिखाणाला ‘डिस्क भरली’ असं उत्तर. तुमची बॅकअपची कमांड डेव्ह फुलवर लिहूनही शून्य एक्झिट कोड देते का, बघा. बफरमुळे एफराइट यशस्वी दिसतं आणि खरी एरर एफक्लोजला येते, तिथं हमखास सापडेल. मेमरीसाठी यूलिमिट व्ही, डिस्क्रिप्टरसाठी यूलिमिट एन या मर्यादा अगदी लहान ठेवून चालवा.

पाणंद

स्ट्रेसचं आजच लावतो. एक शेवटचं विचारतो: आपण स्वतः लायब्ररी लिहितो तेव्हा वापरणाऱ्याला उत्तर टाकून देताच येऊ नये, अशी रचना होते का?

उंबरठा

होते, आणि मोठ्या लायब्ररी त्याच दिशेनं गेल्यात. बोरिंगएसएसएल या क्रिप्टो लायब्ररीमधलं रँड बाइट्स फेल झालं तर प्रोसेसच थांबवतं, परत येऊन ० सांगत बसत नाही. गो १.२४ पासून क्रिप्टो रँडचं रीड कधीच एरर देत नाही, आकडे मिळाले नाहीत तर प्रोग्राम तिथंच कोसळतो. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एआरसी४रँडमला तर एरर सांगायची जागाच नाही. ज्या बिघाडातून वापरणारा काही सावरूच शकत नाही, तो त्याच्या गळ्यात घालू नका.

जिथं एरर सांगावीच लागते तिथं होकार आणि बिघाड एका आकड्यात मिसळू नका. उत्तर वेगळ्या प्रकारात द्या. सीमध्ये असाल तर यशाला एकच किंमत ठेवा आणि आउटपुट बफर फंक्शनच्या पहिल्याच ओळीत निकामी करून ठेवा. किल्लीचा बफर शून्यांनी भरून ठेवणं चालणार नाही, शून्यांची किल्ली तशीच वापरली जाते. लांबी शून्य करा किंवा पॉइंटर नल करा, म्हणजे न तपासता पुढे जाणारा कोड टेस्टमध्येच अडखळेल.

घाटमाथा

यात एक भर. तुमच्या फंक्शनचं उत्तर आज व्हॉइड आहे आणि उद्या त्यात एरर आणायची असेल, तर नाव बदला. नुसता प्रकार बदलला तर जुने सगळे कॉल न कुरकुरता कंपाइल होतात, आणि त्यातल्या एकालाही कळत नाही की फंक्शन आता ‘नाही’ म्हणू शकतं. नाव बदललं की प्रत्येक जागी बिल्ड तुटतं आणि तिथं माणसाला थांबून विचार करावा लागतो. पाणंद, स्ट्रेस चालवल्यावर कुठला कॉल पहिल्यांदा सापडला ते इथं टाका.